उन्हाळा, घरातले प्राणी आणि श्वासावाटे बाहेर पडणारी उष्णता

विचारलेला प्रश्न थोडक्यात असा आहे. घरात पाच वर्षांचा पग जातीचा कुत्रा आणि लांब केसांची एक वयस्क मांजर आहे. उन्हाळा सुरू झाल्यापासून पग दुपारभर धापा टाकतो आणि रात्रीही त्याला धड झोप लागत नाही. सावली, पाणी, पंखा हे सगळे असूनही त्याचे हाल कमी होत नाहीत. अशा वेळी दोघांचे केस पूर्ण भादरून टाकावेत का, पाण्यात बर्फ घातलेला चालतो का, आणि उष्माघात झालाच तर घरच्या माणसांनी नेमके काय करावे? पहिल्या दोन शंकांची उत्तरे कुत्र्याचे शरीर उष्णता बाहेर कसे टाकते हे समजले की बहुतांशी आपोआप मिळतात, म्हणून सुरुवात तिथून करणे योग्य होईल.

माणसाच्या सर्वांगाला घाम येतो आणि तो वाळताना त्वचा थंड होते. कुत्र्याला घाम येतो तो प्रामुख्याने पंजांच्या तळव्यांना, आणि एवढ्याशा जागेतल्या घामाने शरीर थंड होण्यास फारशी मदत होत नाही. त्याची सगळी मदार श्वासावर असते. नाकाच्या आत पातळ हाडांच्या गुंडाळ्या असतात आणि त्यांच्यावर सतत ओलसर राहणारे, रक्तवाहिन्यांनी भरलेले आवरण असते. कुत्रा धापा टाकतो तेव्हा मिनिटाला २०० च्याही पुढे जाणाऱ्या उथळ श्वासांनी तो या ओलाव्यावरून आणि जिभेवरून हवा खेळवत असतो, आणि पाण्याची वाफ होताना रक्तातली उष्णता तिच्याबरोबर बाहेर पडते. निरोगी कुत्र्याचे तापमान साधारण ३८.३ ते ३९.२ अंश सेल्सिअस असते. बाहेरची हवा याहून गरम झाली की अंगावरून वाहणारा वारा उष्णता काढून घेऊ शकत नाही, आणि उरतो तो एकटा श्वासाचा मार्ग. हवा दमट असेल तर ओलावा वाळेनासा होतो आणि हा मार्गही अरुंद होतो. म्हणूनच कोरड्या, कडक उन्हाच्या दिवसापेक्षा ढगाळ, कोंदट दिवस कुत्र्याला अधिक जड जाऊ शकतो, आणि केवळ तापमानाचा आकडा पाहून निश्चिंत होणे धोक्याचे ठरते.

आता पगाकडे पाहू. पग, बुलडॉग, फ्रेंच बुलडॉग, शिह त्झू, बॉक्सर या जातींचे तोंड चपटे असते. कवटी आखूड झाली तरी आतला मांसल भाग त्या प्रमाणात कमी झालेला नसतो. नाकपुड्या चिरेसारख्या अरुंद, मऊ टाळू लांब आणि घशात लोंबणारी, अशी अडचणीची रचना घेऊन ही जनावरे जन्माला येतात. त्यांना धापा टाकण्यासाठी इतर कुत्र्यांपेक्षा कितीतरी अधिक जोर लावावा लागतो. त्या जोराने स्नायूंमध्ये नवी उष्णता तयार होते, घशातले मांस सुजते, वाट आणखी अरुंद होते आणि पुन्हा अधिक जोर लावावा लागतो. हे दुष्टचक्र एकदा सुरू झाले की ते विश्रांती घेऊनही थांबेल याची खात्री नसते.

तुमचा पग रात्री कसा झोपतो ते दोन-तीन दिवस लक्ष देऊन पाहा. तो बसल्या बसल्या डुलकी घेत असेल, हनुवटी एखाद्या उंच कडेवर टेकवून मान ताणून पडत असेल, किंवा डोळा लागताच घोरून दचकून उठत असेल, तर ही श्वासमार्गाच्या अडथळ्याची लक्षणे आहेत आणि हा त्रास बारमाही आहे. उन्हाळ्याने तो फक्त उघड केला आहे. नाकपुड्या रुंद करण्याची आणि टाळूचा जादा भाग कमी करण्याची शस्त्रक्रिया आज सर्रास केली जाते आणि योग्य वेळी केली तर तिचा गुण चांगला येतो. पशुवैद्याकडून श्वासमार्ग तपासून घ्या आणि शस्त्रक्रियेचा सल्ला मिळाल्यास ती पुढचा उन्हाळा येण्याआधी उरकून घ्या. वजन जास्त असेल तर ते उतरवणे हा दुसरा, तितकाच महत्त्वाचा उपाय आहे, कारण चरबी उष्णता आत कोंडून ठेवते आणि छातीला हलायला जागाही कमी ठेवते.

पंख्याबद्दल एक गैरसमज फार खोलवर रुजलेला आहे. पंख्याचा वारा माणसाला थंड वाटतो तो घाम वाळवतो म्हणून. कोरड्या केसांच्या कुत्र्याच्या अंगावर वाळवण्यासारखे काही नसते. पंखा उपयोगी पडावा असे वाटत असेल तर आधी कुत्र्याचे पोट, काखा, जांघा आणि पंजे ओले करा आणि मग वारा लावा. फरक काही मिनिटांत त्याच्या श्वासात दिसेल. पाण्यावर चालणारा कूलर कोरड्या हवेत उत्तम काम करतो, पण खिडक्या-दारे बंद करून लावला तर तो खोलीतला दमटपणा वाढवत नेतो आणि श्वासाने थंड होणाऱ्या प्राण्याची उलट पंचाईत करतो, म्हणून कूलरसमोरची खिडकी नेहमी उघडी असावी. चपट्या तोंडाच्या कुत्र्यासाठी मात्र कडक उन्हाच्या तासांत एसीची खोली ही चैन मानू नये. ती त्याची गरज आहे. वीज जाण्याची शक्यता असेल तर त्या वेळी कुत्र्याला कोणत्या खोलीत हलवायचे, ओले करायला पाणी कुठे आहे, हे घरातल्या प्रत्येकाला आधीच ठाऊक असावे. थंडाव्याच्या गाद्या कुत्रा स्वतःहून वापरत असेल तर ठीक आहेत, पण त्या अंगाच्या उबेने काही वेळात तापतात आणि मग त्यांचा उपयोग उरत नाही. उघडी फरशी आणि त्यावर जागा बदलण्याची मोकळीक अनेकदा अधिक कामाची ठरते. पाणी शोषणारी जॅकेटेही ओली असेपर्यंतच थंडावा देतात. वाळल्यावर तीच जॅकेटे उष्णता अडवून धरतात.

केस भादरण्याचा मोह आवरावा. पगाचे केस आखूड असले तरी बहुतेक पगांना दुहेरी थर असतो, आणि ज्या जातींना असा थर असतो त्यांत वरचे राठ केस ऊन अडवतात तर खालची लव उन्हाळ्याच्या तोंडावर गळून मोकळी होते. ती गळलेली लव अंगातच अडकून राहिली तर हवा खेळत नाही, म्हणून रोज ब्रशने ती काढून टाकणे हाच खरा उपाय आहे. पूर्ण भादरलेल्या कातडीला उन्हाने भाजण्याचा धोका असतो, आणि काही कुत्र्यांत केस पुन्हा नीट उगवतच नाहीत. लांब केसांच्या मांजरीच्या बाबतीत पोटाखालचे केस आखूड करायला हरकत नाही, आणि जटा झाल्या असतील तर त्या काढल्याच पाहिजेत. मात्र हे काम कात्रीने घरी करू नये, कारण मांजरीची कातडी जटेबरोबर वर उचलली जाते आणि सहज कापली जाते.

बर्फाविषयीची भीती निराधार आहे. पिण्याच्या पाण्यात बर्फाचे तुकडे घातल्याने कुत्र्याला अपाय होत नाही. काळजी घ्यायची ती दमून आल्यावर एका दमात भांडेभर पाणी ढोसण्याची, कारण त्याने उलटी होते. थोडे पाजून, थोडे थांबून पुन्हा द्यावे. साध्या दिवसांत कुत्र्याला दर किलो वजनामागे सुमारे ५० ते ६० मिलिलिटर पाणी लागते आणि उन्हाळ्यात ते बरेच वाढते. पाण्याची भांडी एकाहून अधिक ठिकाणी, सावलीत आणि सहज कलंडणार नाहीत अशी असावीत. पाण्यात मीठ घालू नये. खाणे सकाळी लवकर आणि संध्याकाळी उशिरा द्यावे आणि ओले अन्न भांड्यात पडून राहू देऊ नये.

फिरायला नेण्याबद्दल थोडे विस्ताराने लिहिणे गरजेचे आहे, कारण उष्माघाताचे नाव काढले की बहुतेकांच्या डोळ्यांसमोर बंद गाडी येते. ब्रिटनमध्ये २०१६ या वर्षातील नऊ लाखांहून अधिक कुत्र्यांच्या वैद्यकीय नोंदी तपासून २०२० मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात, ज्यांचे कारण कळले त्या उष्माघातांपैकी सुमारे ७४ टक्के व्यायामामुळे झालेले आढळले. बंद गाडीमुळे झालेले ५ टक्क्यांच्या आसपास होते. चालणे, पळणे, चेंडूमागे धावणे या रोजच्याच गोष्टी आहेत. खेळात रमलेला कुत्रा स्वतःहून थांबत नाही, मालकाबरोबर पळणारा तर मुळीच नाही, त्यामुळे थांबण्याचा निर्णय माणसालाच घ्यावा लागतो. यासाठी जिभेकडे पाहण्याची सवय लावून घ्या. आरामात धापा टाकणाऱ्या कुत्र्याची जीभ अरुंद असते आणि तो मध्येच तोंड मिटून गिळतो, इकडेतिकडे वास घेतो. तापत चाललेल्या कुत्र्याची जीभ लांब बाहेर येते, टोकाशी पसरट होऊन किंचित वर वळते, ओठांचे कोपरे मागे ताणले जातात, लाळ चिकट होते आणि तोंड मिटणे बंद होते. ही जीभ दिसली की फिरणे तिथेच संपवावे, घर किती जवळ आहे याचा हिशेब करू नये. पगाच्या श्वासाला घरघर किंवा शिट्टीसारखा आवाज येऊ लागला तर तो याहूनही पुढचा इशारा आहे.

फिरण्याची सर्वांत चांगली वेळ पहाटेची. सूर्य मावळला तरी डांबरी रस्ता बराच वेळ तापलेला राहतो. हवा २५ अंशांची असताना भर उन्हातले डांबर ५० अंशांच्या पुढे जाऊ शकते आणि अशा पृष्ठभागावर मिनिटभरात कातडी भाजते. तुमच्या हाताच्या पंजाची पाठ रस्त्यावर सात सेकंद टेकवून पाहा. ती तुम्हाला टेकवून ठेवता येत नसेल तर कुत्र्याचे तळवेही तिथे टिकणार नाहीत. ऋतू बदलताना पहिल्या गरम दिवसांत विशेष जपावे, कारण शरीराला उष्णतेची सवय व्हायला दोन-तीन आठवडे आणि पूर्ण सवय व्हायला त्याहून अधिक काळ लागतो. आणि एक गोष्ट आग्रहाने सांगावीशी वाटते: तोंड आवळून बंद करणारे कापडी मुसके उन्हाळ्यात कोणत्याही कुत्र्याला काही मिनिटांपेक्षा जास्त बांधू नये. धापा टाकता येणार नाहीत असे मुसके म्हणजे त्याचा थंड होण्याचा मुख्य मार्ग बंद करणे होय. मुसके आवश्यकच असेल तर तोंड पूर्ण उघडता येईल असे जाळीचे वापरावे.

गाडीचे प्रमाण कमी असले तरी तिथला मृत्यू फार जलद येतो. २००५ मध्ये अमेरिकेत घेतलेल्या मोजमापांत, बाहेर २२ अंशांसारखी सुखद हवा असतानाही बंद गाडीतले तापमान तासाभरात सरासरी २२ अंशांनी वाढले, त्यातली ८० टक्के वाढ पहिल्या अर्ध्या तासातच झाली, आणि काचा थोड्या खाली ठेवल्याने जवळजवळ काहीच फरक पडला नाही. पाच मिनिटांचे काम असले तरी प्राण्याला गाडीत सोडू नये.

घरात दुसरा, वयस्क कुत्राही असेल आणि अलीकडे त्याचे भुंकणे घोगरे झाले असेल, श्वास घेताना खरखर येत असेल, तर स्वरयंत्राच्या लकव्याची शंका घ्यावी. म्हाताऱ्या लॅब्राडॉरमध्ये हा आजार विशेष दिसतो आणि असा कुत्रा पगाइतकाच जोखमीचा असतो. हृदयाचे रुग्ण आणि लघवी वाढवणारी औषधे घेणारे प्राणी यांच्या बाबतीत उन्हाळा लागण्यापूर्वीच औषधांच्या मात्रेविषयी पशुवैद्यांशी बोलून घ्यावे.

मांजर उष्णतेला कुत्र्यापेक्षा शहाणपणाने तोंड देते. ती थंड जागा शोधते, हालचाल कमी करते आणि अंग चाटून लाळेने स्वतःला ओले करते. म्हणून तिच्यासाठी सर्वांत मोठी सोय म्हणजे घरातल्या जागा निवडण्याचे स्वातंत्र्य: बाथरूमचे दार उघडे असावे, पाण्याची पसरट भांडी खाण्यापासून दूर ठेवलेली असावीत, आणि वयस्क मांजरीच्या पाठीवरून ओला हात फिरवून तिला मदत करावी, कारण सांधे दुखत असल्यास तिला स्वतःला चाटणे जमत नाही. मांजर तोंड उघडून धापा टाकू लागली तर मात्र ती तातडीची वेळ समजावी; ही तिची नेहमीची पद्धत नाही. बाहेर फिरणारी मांजर कुणाच्या कोठीत किंवा गाडीत अडकून पडते, म्हणून दुपारी ती दिसली नाही तर लगेच शोध घ्यावा. वाऱ्यासाठी उघडलेल्या वरच्या मजल्यांवरील खिडक्यांना जाळी हवी, कारण मांजरी पडण्याच्या घटना याच दिवसांत वाढतात. पांढऱ्या मांजरींच्या कानांच्या टोकांना उन्हाने कर्करोग होऊ शकतो, तेव्हा तिथली न भरणारी खपली दुर्लक्षू नये. याच हंगामात गोचिडांची औषधे वापरली जातात. पर्मेथ्रिन असलेले कुत्र्याचे औषध मांजरीला कधीही लावू नये आणि ते लावलेल्या ओल्या कुत्र्याला तिच्याजवळ झोपू देऊ नये, कारण ते तिच्यासाठी प्राणघातक विष ठरते.

इतर पाळीव प्राण्यांविषयी थोडक्यात. ससा कानांतल्या रक्तवाहिन्यांवाटे थंड होतो आणि २८ ते ३० अंशांपुढे त्याचा जीव धोक्यात येऊ लागतो. पाण्याची बाटली गोठवून टॉवेलात गुंडाळून त्याच्या शेजारी ठेवावी, कान ओल्या बोटांनी पुसावेत, आणि शेपटीखालचा भाग दिवसातून दोनदा तपासावा, कारण माश्यांनी घातलेल्या अंड्यांतून एका दिवसात अळ्या निघतात. पक्षी पंख अंगापासून दूर धरून चोच उघडी ठेवू लागला की त्याला गरम होते आहे असे समजावे आणि अंगावर पाण्याचा बारीक फवारा मारावा. माशांच्या टाकीत अडचण प्राणवायूची असते: २० अंशांच्या पाण्यात लिटरमागे सुमारे ९ मिलिग्रॅम प्राणवायू मावतो, ३० अंशांच्या पाण्यात साडेसातच. त्यामुळे हवेचा पंप वाढवावा आणि पाणी हळूहळू थंड करावे. टाकीत एकदम बर्फ ओतू नये.

आता तुमच्या तिसऱ्या प्रश्नाकडे वळू. कुत्रा अडखळत चालू लागला, हाक मारली तरी नजर रिकामी राहिली, हिरड्या लालभडक किंवा त्यानंतर फिकट पडल्या, उलटी किंवा रक्तमिश्रित जुलाब झाले, तो कोसळला किंवा त्याला झटके आले, तर तो उष्माघात आहे असे धरूनच हालचाल करावी. शरीराचे तापमान अशा वेळी बहुधा ४१ अंशांच्या वर असते, पण घाबरलेल्या घरात तापमापक शोधण्यात वेळ घालवू नये. आधी थंड करायचे, मग दवाखान्यात न्यायचे, हा क्रम पाठ असावा. इस्रायलमधील ५४ रुग्ण कुत्र्यांच्या २००६ च्या अभ्यासात निम्मे कुत्रे दगावले, आणि दवाखान्यात पोहोचायला दीड तासापेक्षा जास्त वेळ लागलेल्यांत धोका वाढलेला दिसला. ब्रिटनमधील नंतरच्या एका अभ्यासात तर पाचांपैकी जेमतेम एका कुत्र्याला निघण्यापूर्वी थंड करण्यात आले होते.

थंड कसे करायचे ते नीट वाचून ठेवा. कुत्र्याला सावलीत घ्या आणि नळाचे, बादलीचे, जे हाताशी असेल ते पाणी अंगावर सतत ओता. कुत्र्याच्या अंगापेक्षा थंड असलेले कोणतेही पाणी उपयोगी आहे. दाट केसांवरून पाणी वरच्या वर ओघळून जाते, म्हणून एका हाताने पाणी ओतताना दुसऱ्या हाताच्या बोटांनी केस उलटे फिरवा आणि पाणी कातडीपर्यंत पोहोचते आहे ना, ते बोटांना जाणवू द्या. पोट, जांघा, काखा, मान आणि पंजे यांवर भर द्या आणि पंखा, पुठ्ठा, जे मिळेल त्याने वारा घाला. कुत्रा तरुण, निरोगी आणि शुद्धीवर असेल तर त्याला टबात मानेपर्यंत बसवणे सर्वांत जलद काम करते. डोके मात्र सतत हाताने वर धरलेले असावे. पग, म्हातारे आणि आजारी कुत्रे यांच्यासाठी पाणी ओतून वारा घालणे अधिक सुरक्षित आहे. थंड पाण्याने रक्तवाहिन्या आकसून उष्णता आत कोंडते, म्हणून कोमटच पाणी वापरावे, हा जुना सल्ला आता मागे पडला आहे.

ओला टॉवेल गुंडाळून ठेवू नका. असे गुंडाळून आणलेल्या कुत्र्याचा टॉवेल उचलला की खालचे केस वाफाळल्यासारखे गरम लागतात, कारण काही मिनिटांतच तो टॉवेल पांघरुणाचे काम करू लागलेला असतो. शुद्ध हरपलेल्या कुत्र्याच्या तोंडात पाणी ओतू नका, ते फुप्फुसांत जाते. ताप उतरवण्याची माणसांची गोळी देऊ नका: उष्माघातात मेंदूने तापमान वाढवलेले नसते, त्यामुळे ती गोळी उपयोगी पडतच नाही, उलट आधीच ताण पडलेल्या मूत्रपिंडांना आणि यकृताला इजा करते, आणि मांजरीसाठी पॅरासिटामॉल तर प्राणघातक आहे.

एक जण पाणी ओतत असताना दुसऱ्याने दवाखान्यात फोन करावा आणि गाडीचा एसी लावून ठेवावा. श्वास संथ होऊ लागला, किंवा गुदद्वारातून मोजलेले तापमान ३९.५ अंशांच्या आसपास आले, की पाणी थांबवावे, कारण त्यानंतरही तापमान आपोआप खाली येत राहते आणि कुत्रा गारठू शकतो. मग ओल्या अंगानेच, खिडक्या उघड्या ठेवून किंवा एसीत, त्याला न्यावे. दहा-पंधरा मिनिटे पाणी ओतूनही सुधारणा दिसत नसेल तर आणखी वाट न पाहता निघावे आणि वाटेतही अंग ओले ठेवत वारा घालत राहावे.

कुत्रा उठून बसला, शेपूट हलवू लागला तरी दवाखाना टाळू नये. उष्णतेने आतड्यांचे आवरण, मूत्रपिंडे आणि रक्त गोठवणारी यंत्रणा यांना झालेली इजा एक ते तीन दिवसांनी समोर येते. दवाखान्यात सलाईन, प्राणवायू आणि रक्तातील साखरेची तपासणी लगेच होईल. पगाला घसा सुजल्यामुळे श्वासनलिकेत नळीही घालावी लागू शकते, आणि त्यासाठी संमती मागितली तर क्षणभरही थांबू नका. रक्त गोठण्याची आणि मूत्रपिंडांची तपासणी दुसऱ्या दिवशी पुन्हा करून मागा. घरी आणल्यावर तीन दिवस त्याच्या हिरड्या आणि पोटाची उघडी कातडी उजेडात पाहत राहा. तिथे टाचणीच्या टोकाएवढे लाल-जांभळे ठिपके दिसले, शौच काळे किंवा रक्ताळलेले झाले, लघवी कमी किंवा चहासारखी गडद झाली, तर रात्रीची वेळ असली तरी त्याला परत दवाखान्यात न्यावे.